कमलचा पुरावा

मंगळवार, संध्याकाळ

अनुदानाच्या अर्जातला एक प्रश्न सकाळपासून डोक्यात बसलाय. निवाऱ्यातून गेलेली बाई स्वतःच्या घरात स्थिरावली, याचा पुरावा काय? भाडेकरार किंवा वीजबिल चालतं म्हणे. कमलचा करार तोंडी आणि बिल घरमालकाच्या नावावर. नवऱ्याच्या मारातून सुटून ती झरीहून आली, आठ महिने आमच्या निवाऱ्यात राहिली, आता लोहाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहते. हे खरं, पण पुरावा?

म्हणून आज तिच्याकडे फोटो काढायला गेले.

"ताई, फोटो कायले?"

"तू इथं स्थिरावलीस, हे दाखवायचंय. कशाचा काढू?"

मला वाटलं, ती गॅस नाहीतर देव दाखवेल. तिनं दाराची आतली कडी दाखवली.

"तिकडं तो मले बाहेरून कोंडे. हे कडी मले आतून लावता येते."

कडीचा फोटो अर्जाला जोडलाय. तपासणाऱ्याला तो पुरावा वाटेल का, कोण जाणे. पण मनात राहिलं ते नंतरचं. तिनं मला बाहेर उभं केलं, कडी लावली आणि दार वाजवायला सांगितलं. मी वाजवलं.

"कोण हाये?"

मी नाव सांगितलं. ती जरा थांबली, मग दार उघडून म्हणाली, "या, बसा."