प्रतीक्षाच्या खोलीतलं गोल्फ

४ जानेवारी, शनिवार
निर्णय झाला. वरच्या खोलीत गोल्फ. पुण्यात संत्र्याच्या एका एक्स्पोर्टरच्या बंगल्यात पाहिलं तेव्हापासून डोक्यात होतं. भिंतीवर पडदा, पडद्यावर हिरवंगार मैदान. आपण घरातच बॉल मारायचा, तो किती दूर गेला ते मशीन सांगतं. सिम्युलेटर म्हणतात. आज ऑर्डर दिली. अमरावतीच्या अख्ख्या राजापेठेत कोणाकडे नसेल.

साधना म्हणाली, थे तं प्रतीक्षाची खोली हाय. मी म्हणालो, होती. जी मुलगी बापाला न विचारता अकोल्यात हारफुलांचं दुकान असलेल्या शुभमशी कोर्टात लग्न करते, तिची या घरात खोली नसते. दोन दिवाळ्या झाल्या, मी तिच्याशी एक शब्द बोललेलो नाही. मला त्याचा काहीही त्रास नाही.
संकल्प: रोज सकाळी अर्धा तास गोल्फ. पोट आणि राग दोन्ही कमी होतील.

१० जानेवारी
खूप व्हिडिओ पाहिले. सगळ्यांचं एकमत आहे की आधी फ्लोअरिंग. बॉल किती उसळतो, आवाज किती होतो, पाय किती घट्ट राहतो, सगळं त्यावर. प्लास्टिकचं लॉन, रबर, कार्पेट टाइल्स, लाकडी, फोम असे प्रकार आहेत. दोन दिवसांत संपवतो. निर्णय घेण्यात भगवंतरावाचा हात कोणी धरणार नाही.

साधनाने भाकरी थापता थापता सांगितलं की प्रतीक्षाला सातवा लागला. मी ऐकलंच नाही. एप्रिलच्या सुरुवातीची तारीख दिली आहे म्हणे.

११ जानेवारी
पहिलं बाळंतपण माहेरी. रीत आहे. तेव्हा येईलच. जाते कुठे? फक्त एक फोन करावा, बाबा येऊ का म्हणून. मी नाही म्हणणार नाही. लगेच होही म्हणणार नाही. थोडं थांबून हो म्हणेन.

साधना म्हणते, पोरगी का आपल्या पायानं येते काय? बापानं नाही तं भावानं आनाले जा लागते. भाऊ नाही तिले, म्हनजे तुमीच. मी सांगितलं, खोलीच्या फरशा गुळगुळीत आहेत, त्यावर पाय घसरतो. गोल्फमध्ये पाय घसरणं फार धोक्याचं. फ्लोअरिंग झाल्याशिवाय पुढचं काही बोलायचं नाही.

१९ जानेवारी
दुकानदार गोपालभाऊंकडून सगळी सॅम्पल्स घरी आणली. सकाळी ओळीने मांडून त्यांच्यावरून गुडघ्यांवर रांगून पाहिलं. लॉन टोचतं. कार्पेटने गुडघे सोलतात. रबर चांगलं, पण थोडं गरम वाटतं. फोम उत्तम, मात्र कडेचे तुकडे निघतात आणि ते कोणाच्याही तोंडात जाऊ शकतात.
साधना चहा घेऊन आली, तेव्हा मी चार पायांवर होतो. बॉलच्या उंचीवरून मैदान पाहावं लागतं, असं सांगितलं. चहा खालीच ठेवून गेली.

२३ जानेवारी
गोपालभाऊंशी वाद. मी विचारलं, यातलं ओल्या फडक्याने पुसता येणारं कोणतं? त्यांनी विचारलं, काहून, गोल्फवर कोनी सू करते काय? दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी हसली. आता दुसरं दुकान पाहणार.

२५ जानेवारी
दुसरं दुकान बेकार निघालं. पुन्हा गोपालभाऊंकडे. त्यांनी चहा पाजला.

२७ जानेवारी
अकोल्याला डोहाळजेवण. प्रतीक्षाच्या सासूबाई जमुनाबाईंनी ठेवलं आहे. आपल्या मुलीचं डोहाळजेवण परक्यांनी करायचं! मला आमंत्रण होतं. गेलो नाही. शुभमने स्वतः फोन केला असता तर विचार केला असता. साधना म्हणते केला होता, तुमी कट केला. रेंज नव्हती.

साधनाबरोबर दोन सॅम्पल्स पाठवली, रबर आणि नव्याने आलेलं मऊ लॉन. म्हटलं, तिथे कोणाला त्यांचा वास येतो का पाहा. या दिवसांत बायकांना वास फार लवकर कळतो. त्याचा फायदा गोल्फला झाला तर वाईट काय?

२८ जानेवारी
साधना परतली. रबराचा वास येतो. लॉनचा येत नाही. लॉनचा तुकडा प्रतीक्षाने गालाला लावून पाहिला म्हणे. गोल्फच्या फ्लोअरिंगची अशी परीक्षा करतात का?
रबर बाद.
तब्येत कशी आहे ते मी विचारलं नाही. साधनाने आपणहून सांगितलं. पाय सुजतात. जास्त वेळ उभं राहवत नाही.

६ फेब्रुवारी
सिम्युलेटरची खोकी आली. उघडली नाहीत. आधी जमीन. खोकी जिन्याखाली ठेवली.
फिटिंगवाल्याने विचारलं, पलंग कुठं हलवू? म्हणालो, हलवायचा नाही. तो म्हणाला, मंग काठी फिरवन कशी, पलंगाले लागन ना. मी म्हणालो, खेळाडूला मध्ये विश्रांती लागते, तुम्हाला यातलं कळत नाही. पलंग खिडकीजवळच राहील. पाळण्याची कडी छतात आधीपासून आहे, तीही काढायची नाही. तिला काहीतरी टांगता येईल.

१८ फेब्रुवारी
लॉन पक्कं केलं होतं. पण गोपालभाऊ म्हणाले की उन्हाळ्यात धूळ धरतं. धुळीने बारीक जिवाला सर्दी होते. बारीक जीव म्हणजे प्रोजेक्टर. त्याच्या मशिनला धूळ चालत नाही. लॉन रद्द. आता धुता येणारं मऊ व्हिनाइल पाहतो आहे, खाली फोम घालून.

साधना चिडली. म्हणाली, पोरगी तिथं दिवस मोजून राहिली अन् तुमी इथं चटया मोजून राहिले. आज आना तिले, सतरंजीवर झोपन थे. मी समजावलं की अर्धवट कामात माणूस आणणं बरं दिसत नाही. आणि दिवस मोजत असेल तर फोन का करत नाही? माझा नंबर बदललेला नाही. बदलणारही नव्हतो. कंपनी चांगली ऑफर देत होती, तरी घेतली नाही.

२ मार्च, रविवार
मोठा दिवस. पहाटेच उठलो, गाडी धुतली, मागच्या सीटवर उशी ठेवली. साधनाला म्हटलं, बस गाडीत, अकोल्याला जाऊन येऊ. तिने डोळ्याला पदर लावला. नाटकी बाई.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. तिथे मनात आलं, दारात गेलो आणि शुभमनेच दार उघडलं तर? आत या म्हणाला तर कुठल्या तोंडाने जायचं? लग्नानंतर तो पाया पडायला आला होता आणि मी फाटकाला आतून कुलूप लावलं होतं. तेवढ्यात आठवलं की फोम किती जाडीचा, ते ठरायचं राहिलं आहे. ते ठरवल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे घाई. गाडी वळवली.
साधना घरापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली. रस्ता चांगला होता.

१५ मार्च
फोमची जाडी ठरली. शेवटी निर्णय झाला. पुढच्या शनिवारी फिटिंग, रविवारी आणायला जाणार. या वेळी थेट. चहालासुद्धा थांबणार नाही.

१७ मार्च
डॉक्टरांनी प्रतीक्षाला आता प्रवास नको म्हणून सांगितलं आहे. अमरावती ते अकोला हा काय प्रवास आहे? पण नको म्हणाले.
साधनाने आपली बॅग भरली, डिंकाचे लाडू डब्यात घातले आणि बसने अकोल्याला गेली. स्टँडवर सोडतो म्हणालो, तर ऑटो सांगितला म्हणाली. लाडू फक्त तिकडच्यासाठी केले होते. मला एकही ठेवला नाही.

३० मार्च, पाडवा
फ्लोअरिंग पूर्ण! मुहूर्तावर. मऊ, वास नाही, टोचत नाही, पुसता येतं. भिंतीवरही हातभर चढवलं आहे, टेकून बसलो तरी पाठीला गार लागत नाही. सगळ्या बाजूंनी फोटो काढून साधनाला पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.
संध्याकाळी तिचा फोन आला. मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत. फोटोंबद्दल काहीच बोलली नाही.
खोलीत जाऊन बराच वेळ बसलो. खोकी अजून जिन्याखालीच आहेत.

९ एप्रिल
अकोल्याला गेलो. फोन न करता, थेट. आज जे झालं त्याचं फार वाईट वाटतं आहे. या वेळी लिहायला कुठलंच कारण सुचत नाही.

दार शुभमनेच उघडलं. पाया पडला. जमुनाबाईंनी खुर्ची दिली, पंखा लावला, चांगल्या कपात चहा दिला. पाहुण्याला देतात तसा. साधना आतून बाहेर आली नाही.

प्रतीक्षा खाली गोधडीवर बसली होती, भिंतीला टेकून. पोर मांडीवर. किती बारीक झाली आहे. मला पाहून रडली नाही. मी तयारी ठेवली होती तिला समजवायची, पण ती रडलीच नाही. पोर माझ्याकडे दिली. नाक आमच्याकडचं आहे. घरभर मोगऱ्याचा वास होता, दुकानाची फुलं तिथेच ओवतात. त्या वासात पोर शांत झोपली होती.

मी म्हणालो, तू एक फोन करायचा होतास. ती म्हणाली, मी कशी म्हनू बाबा, मले घेऊन जा म्हनून? सातवा लागला तवापासून बॅग भरून ठेवली होती. गाडी वाजली की खिडकीत जाऊन पाहे. आई सांगे, आज लॉन पाहून राहिले, आज रबर पाहून राहिले. मी म्हने, काहीबी टाका म्हना, नाही तं नका टाकू, पन या म्हना.

मी म्हणालो, आता झालं बघ सगळं. फार छान झालं आहे. पलंगही तिथेच ठेवला आहे. पुढच्या बाळंतपणाला काही अडचण येणार नाही, सातवा लागायच्या आधीच येतो न्यायला.

तिने पोर माझ्या हातातून हळूच परत घेतली. म्हणाली, दुसरं सासरी असते, बाबा.