रेशीमचा चौथा दिवस

१० फेब्रुवारी १९५८, मल्लेश्वरम
मी बाजूला बसलेय, मागच्या खोलीत. गंमत म्हणजे सकाळपासून आमची कुत्री रेशीमही माजावर. आपल्याकडे आल्यापासून पहिलीच वेळ. सासूबाई म्हणाल्या, "दोघी बसा की एकत्र. सोबत होईल." दोन चटया. दुपारभर तिच्या पाठीवरून उन्हाचा चौकोन सरकत होता. अल्सेशियन असून डोळे किती मऊ.
तिच्या कागदावर चार पिढ्यांची नावं आहेत, शिक्क्यासकट. माझ्या माहेरी पणजोबांच्या पलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. व्हाइटफील्डच्या मिसेस पिंटोंनी ती दिली ती एका अटीवर. त्यांच्या यजमानांनी जन्मभर जपलेली कुळी, त्यातली ही शेवटची मादी. त्यांच्या शेजाऱ्यांच्या अल्सेशियन ड्यूकशीच जमवायचं, आणि पहिल्या वेतातली एक मादी त्यांना परत.

१३ फेब्रु.
चौथा दिवस. मी न्हाले, रेशीमला न्हाऊ घातलं. सासूबाईंनी तिच्यावरही गोमूत्र शिंपडलं. दोघी मोकळ्या. अंगणात सोडली.

१९ फेब्रु.
दुपारी रेशीम दिसेना. मागच्या मोकळ्या जागेत सापडली, नीलगिरीच्या सावलीत. शेजारी दुकानवाल्या अण्णांचा तांबडा कुत्रा, चारही पाय पांढरे. दोघं कुठंतरी लांब बघत बसलेली. मलाही तिथं बसावंसं वाटलं. बसले थोडा वेळ.

२३ फेब्रु., रवि.
रेशीमला घेऊन व्हाइटफील्ड. ड्यूक देखणा. जमलं.
मिसेस पिं.नी विचारलं, कितवा दिवस? चौदावा. म्हणाल्या, दहाव्यापासून खरी जोखीम, तीन आठवडे दार बंद हवं. ठेवलंय ना?
मी हो म्हणाले. का म्हणाले? येताना गाडीत बोटांवर मोजलं, एकोणीस तारीख म्हणजे दहावाच.
सासूबाईंना सांगितलं. "कुत्रीचं निराळं असतंय हे मला काय गं ठाऊक? बायकांचं तेवढं ठाऊक." त्यांचं तरी काय चुकलं. मलाही तेवढंच...

२४ एप्रिल
पहाटे पाच पिल्लं. खोलीभर दुधाचा कोमट वास. चार नर, शेवटची मादी. तिचे चारही पाय पांढरे. थेट अण्णांच्या कुत्र्यासारखे.

२९ एप्रिल
नोंदणीचा फॉर्म आला. आईचं नाव, वडिलांचं नाव, खाली माझी सही, की वरची माहिती खरी आहे. हे म्हणाले, "ड्यूक लिही. कोण बघायला येतंय?" गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. एका वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात म्हणे, आणि पांढरे पाय अल्सेशियनलाही निघतात क्वचित. म्हणजे विचारूनही बाप कोण ते कळलं नाहीच.

६ मे
पांढऱ्या पायांचीनं डोळे उघडले. निळे, धुरकट. माझ्याकडे बघते की उजेडाकडे, समजत नाही. आपण कुणाची याची तिला काही पडलेली नाही. मला मात्र दुसरं काही सुचत नाही.
मिसेस पिं.चं पत्र. मादी झाली का? नाव ठरवून ठेवलंय. कागदावर चढलं की कुळी पुढं चालली असं समजेन.
वाचून रडले. उत्तरात लिहिलं, एक मादी आहे, या.

१८ मे, रवि.
मिसेस पिं. आल्या. चहा व्हायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. चौथा दिवस, न्हाणं, नीलगिरी, माझं ते 'हो'सुद्धा. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, यजमानांनी पूर्ण खात्री नसलेलं नाव कागदावर कधी लिहिलं नाही.
मग पिल्लांच्या खोक्यापाशी जमिनीवर बसल्या. पांढऱ्या पायांचीला मांडीवर घेतलं. ती तिथंच झोपली. मी म्हणाले, बस चुकेल. ऐकलं नसावं.
फॉर्म टेबलावर आहे, वडिलांची जागा कोरी. मी आत येऊन हे लिहितेय. पाऊण तास झाला, त्या अजून तशाच बसल्यात.