सोमवारचा होकार

धाराशिव, ४ नोव्हेंबर १९६१

चि. नीला हिस अ. उ. आ.

'आय हॅव गॉन टु तुळजापूर लास्ट ट्यूज्डे' हे तुझं वाक्य वाचून माझा चहा गार झाला. इंग्रजीत दोनदा नापास झालीस ती असल्या 'हॅव'मुळंच. नीट ऐक. वाक्यात वार, तारीख, काल, परवा असं काही आलं, की ती गोष्ट त्या दिवसापाशी संपली. तिथं साधा भूतकाळ. गोष्ट होऊन गेली, पण तिचं काही आज समोर आहे, तिथं 'हॅव'. पुस्तकातली वाक्यं उतरू नकोस. घरात घडेल त्याची रोज दहा वाक्यं लिही आणि वही एस.टी.नं पाठव. माझा भाऊ नारायण तुला तिसऱ्यांदा परीक्षेला बसू देतोय, हेच पुष्कळ. मार्चनंतर तो ऐकणार नाही.

तुझ्या आईस आशीर्वाद.

वनमालाआत्या

तेर, १५ नोव्हेंबर

ती. आत्याबाईंस नीलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सर्व खुशाल. तात्या नेहमीप्रमाणं हे पत्र वाचूनच पाकिटात घालतील. वही मात्र तशीच बांधतात. आपण उर्दूत शिकलेले, इंग्रजीशी आपलं काय नातं, असं म्हणून हसतात. तरी वही सावकाश वाचावी. शेवटचं पान विशेष.

आईला अक्षर येत नाही, पण शेंगा फोडता फोडता ती प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारते. कुठली गोष्ट संपली आणि कुठली अजून आहे, हे आता माझ्याआधी ओळखते.

माया आहे ती असू द्यावी.

नीला

धाराशिव, १८ नोव्हेंबर

चि. नीला हिस अ. उ. आ.

साठ वाक्यांत चार चुका! शेवटच्या पानावर तर एकही नाही. 'फादर सेड येस टु द उमरगा पीपल ऑन मंडे.' वार आला, साधा भूतकाळ आला. त्यावर मोठी लाल खूण करून 'उत्तम' लिहिलंय. अशीच लिहीत जा. तुझ्या आईस आशीर्वाद.

वनमालाआत्या

तेर, २७ नोव्हेंबर

ती. आत्याबाईंस शि. सा. न. वि. वि.

आज तात्यांनी पत्र वाचायला न मागता कोरं पाकीटच माझ्या हाती दिलं, म्हणून मोकळं लिहिते. उमरग्याच्या लोकांनी मला मागणी घातली होती. वहीतल्या त्या सोमवारी तात्यांनी होकार दिला आणि आता परीक्षा नको, फॉर्म नको, म्हणाले. तुम्हाला कळवायला वहीशिवाय वाट नव्हती. उत्तरात 'उत्तम' आलं. तुमच्या लाल शाईपुढं आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी ती तुमची संमतीच समजले आणि पुस्तकं माळ्यावर टाकली.

आईनं वही पुढ्यात ओढली, खुणेवर बोट ठेवलं आणि तिथं काय लिहिलंय ते पुन्हा विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाली की, हे सोमवारचं झालं, सोमवार सरला. वन्संनी खूण सोमवारवर केलीय, आजच्या दिसावर न्हाय.

शुक्रवारी ते लोक सुपारी फोडायला आले. तबक बाहेर गेलं. पानं होती, हळद-कुंकू होतं, सुपारी नव्हती. ती मुठीत धरून आई माजघराच्या उंबऱ्यात बसली होती. सुपारी फुटल्याशिवाय काही ठरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. सात पुरुष तिच्या मुठीकडं बघत राहिले. तात्या जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले की, येडी झालीस का, लोक काय म्हणतील. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली की, व्हय, झाले येडी. पोरगी मार्चला परीक्षा देईल, मग मूठ उघडंल. अठरा वर्षांत आईचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

शेवटी मुलाचे आजोबाच हसले आणि म्हणाले की, मार्च काय लई लांब न्हाय, आमी थांबू. शनिवारी तात्यांनी फॉर्मवर सही केली. माझ्याशी अजून बोलत नाहीत.

नीला

धाराशिव, ३० नोव्हेंबर

चि. नीला हिस अ. उ. आ.

तीस वर्षं वह्या तपासल्या. क्रियापद पाहिलं, पोर पाहिली नाही. चूक माझी आहे, ती मी नारायणासमोर सांगणार आहे. रविवारी पहिल्या एस.टी.नं येते. वही तयार ठेव. आधी वाचीन, मग तपासीन.

हैदराबादेस कॉलेजात दोन वर्षं घोकून मी जे परीक्षेपुरतं शिकले, ते तुझ्या आईनं, प्रेमलेनं, शेंगा फोडताना ऐकलं आणि सात पुरुषांसमोर उंबऱ्यात बसून करून दाखवलं. तुझं पत्र वर्गावर जाताना वाचलं; तासभर मुलींना काही शिकवता आलं नाही.

ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आजवर प्रत्येक पत्रात तिला आशीर्वादच लिहिला. पुढची ओळ तिला मोठ्यानं वाचून दाखव. ती कानावर हात ठेवील, नको नको म्हणेल. तरी वाच.

सौ. प्रेमला हिस वनमालेचा शिरसाष्टांग नमस्कार.