चाकांकडे बघायचं काम

११ मार्च
टेबलावर अजून ती दोन खोकी! आज नववा दिवस. ताटं मांडीवर घेऊन जेवतोय आम्ही.
पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक लावणारा जुना ब्रेक कंट्रोलर जळला तेव्हा मला बरं वाटलं होतं – इथे लिहायला काय हरकत आहे. वाटलं, आता पिकअपमागे ओढत न्यायचं हे आमचं घर, हा ट्रेलर, काही अ‍ॅरिझोनातून हलत नाही. एव्हरेट म्हणेल, पुरे झालं, चल नेब्रास्काला, लेकीच्या, जॅनेलच्या जवळपास घर बघू. नातीला शाळेतून मी आणत जाईन. सहा वर्षं झाली या तीस फुटी डब्यात!
कसलं काय. एकाच्या जागी दोन घेऊन आला. "वर्ना, यातला एक परत करायचाय. तूच सांग कुठला."
मी म्हटलं, "ज्याचं खोकं मोठं तो परत कर."

१४ मार्च
शेजारच्या ट्रेलरमधला मर्ल सकाळी कॉफीला आला तो दुपारपर्यंत उठला नाही. विषय एकच. पहिला कंट्रोलर स्वस्त, साधा – ब्रेकवर पाय पडला की ट्रेलरच्या चाकांना ठरलेला जोर देतो, मग तुम्ही हळू थांबा नाहीतर कचकन थांबा. दुसऱ्याला कळतं पिकअप किती जोरात थांबतेय, आणि तो तेवढंच आवळतो.
मर्ल म्हणाला, "पहिला घे. बारा वर्षं वापरतोय, मेलोय का मी?"
"तुझा ट्रेलर जागचा हललेला कुणी पाहिलाय?" एव्हरेट म्हणाला. मर्लला हसता हसता ठसका लागला.
मग एव्हरेट एकदम गंभीर. "घाट उतरायचाय. वर्ना शेजारी बसलेली असते. दुसराच."
मी भांडी आपटत होते. तोंडातून एक चांगला शब्द निघाला नाही माझ्या.

१९ मार्च
कंट्रोलर बसला. आता त्याचा आकडा लावायचा, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक किती जोरात आवळायचे ते, आणि त्याला माणसं दोन लागतात. एव्हरेट रिकाम्या रस्त्यावरून ताशी पंचवीस मैलांनी येणार आणि बोटाने कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणार. मी कडेला उभं राहून ट्रेलरच्या चाकांकडे बघायचं. चाकं अडून घासत गेली तर हात वर. नाही गेली तर आकडा थोडा वाढवून पुन्हा फेरी. चाकं अडली की आकडा जरासा खाली आणायचा – झालं. मागच्या वेळी सहा फेऱ्या लागल्या होत्या.
आज वारा, धूळ. तेवढ्यात जॅनेलचा व्हिडिओ आला. छोटी टेसा सायकल शिकतेय! मी तोच बघत होते. ट्रेलर धडधडत पुढून गेला आणि मी हात वर केला. पहिल्याच फेरीला.
खाली उतरून आला. "एवढ्यात? दोनवरच अडली?"
"हो."
"नीट पाहिलंस?"
"पाहिलं म्हणते ना!"
माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. तू म्हणतेस तर." आणि आकडा आणखी खाली आणला.
सांगेन उद्या.

२० मार्च
सामान बांधण्यात राहून गेलं.

२३ मार्च
जिवंत आहोत दोघं. आधी तेच लिहिते.
काल घाटात ट्रेलर मागून रेटायला लागला. एव्हरेटने गियर खाली आणला, ब्रेक दाबले, पुन्हा दाबले – जळका वास, मग धूर. समोर वळण. ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी बाजूला खडीची चढण केलेली असते, तिच्यात घातली त्याने गाडी. मी किंचाळत होते.
गाडी ओढून काढायला आलेल्या माणसाने आत डोकावून आकडा पाहिला. "आजोबा, एवढ्या ट्रेलरला एवढा कमी? कुणी ठेवला?"
"मीच ठेवला," एव्हरेट म्हणाला.
मी शेजारी उभी होते. माझी जीभ झडली होती का?

२५ मार्च
म्हणतो, ब्रेकवर पाय उशिरा पडायला लागलाय, वय झालं. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली या माणसाने, गाडीला साधा ओरखडा नाही. मागच्या बाकावर कोण काय खातंय तेही आरशातून बघून नावानिशी ओरडायचा. आणि आज माझ्या हातात किल्ल्या देऊन म्हणाला, "यापुढे तू चालव."
मला ढसाढसा रडू आलं. त्याला वाटलं, घाबरलेय अजून. पाठीवरून हात फिरवत बसला माझ्या. माझ्या!

२८ मार्च
एव्हरेटनेच ट्रेलर विकायला काढला, आणि गिऱ्हाईकही मिळालं. फोनवर जॅनेल ओरडलीच, "आई, अखेर! बाबांना मनवलंस कसं?"
जे हवं होतं ते सगळं मिळालं.

३० मार्च
आज सांगणार होते. तो भिंतीवरचा नकाशा काढत होता. नाही जमलं.

२ एप्रिल
सांगितलं! बाहेरच्या खुर्च्या दुमडत होतो तेव्हा. म्हटलं, मी चाकांकडे पाहिलंच नव्हतं, एव्हरेट. फोन बघत होते.
"ठाऊक आहे," तो म्हणाला. "आरशात दिसत होतीस. चाकंही मस्त फिरत होती. मला राग आला, वर्ना. म्हटलं, नको बघूस, जा – नुसत्या पिकअपच्या ब्रेकवर घाट उतरवून दाखवतो." खुर्ची खाली ठेवली त्याने. "आणि तू शेजारी बसली होतीस."