तिसऱ्या पिस्तुलाची कडी

बुधवार, ता. ११

आदरणीय दादांना नमस्कार,

सकाळी वर्ग घेतले, दुपारी घरी आलो, तेव्हापासून टेबलाशी बसलो आहे. तुमचा खोकला आता थांबला असेल. मी बरा आहे. (जेवतो. सगळे तेच विचारतात.)

तुमची बहीण गेली तेव्हा संग्रहालयाची तीन पिस्तुलं साफ करण्यासाठी तिने सुटी करून ठेवली होती, हे तुम्ही पाहिलंच. पिस्तूल मुळात एकच, पण तीन देशांच्या फौजांनी आपापल्या सोयीने करून घेतलेलं. थंड मुलखातल्या फौजेने हातमोज्यातलं बोट मावावं म्हणून चापाभोवतीची जागा वाढवून घेतली. दुसऱ्यांना लांबचा नेम हवा, म्हणून वर सरकती पट्टी आणि खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता अडकवायला मुठीत खाच. तिसरी फौज घोडदळाची, म्हणून मुठीच्या तळाला दोरी बांधायची कडी. (त्यांची पिस्तुलं वाटेत पडत असावीत.)

माणसं भेटायला येत होती त्या आठवड्यात आईंनी तिचं टेबल आवरायला घेतलं. सगळं तेलकट दिसलं, म्हणून तिन्हींचे भाग एकाच घमेल्यात साबणाच्या पाण्यात घातले आणि भांड्यांशेजारी निथळत ठेवले. लेक गेलेल्या बाईला काय बोलणार?

सोमवारी संग्रहालयाच्या बाई पिस्तुलं न्यायला येतील. ती चुकीची जोडलेली दिसली, तर शेवटचं काम तिनेच बिघडवलं म्हणतील. ते मला चालणार नाही. म्हणून शेजारच्या निवृत्त सुभेदारांना बोलावलं. दोघांनी खपून एक पिस्तूल उभं केलं. त्याला खाचही होती, हातमोज्याची जागाही होती, आणि चाप हलत नव्हता.

"मास्तर, हे कुठल्या फौजेचं म्हणायचं?"

"सासूबाईंच्या," मी म्हणालो.

ती गेल्यापासून पहिल्यांदाच हसलो. हसू मग वेगळ्याच वळणावर गेलं, आणि सुभेदार बराच वेळ भिंतीकडे बघत बसले.

ती काम करताना बोलायची, मी पेपर तपासत नुसतं हं-हं करायचो. त्यातलं जेवढं कानात उरलं होतं तेवढ्यावर पुढचे सगळे दिवस भाग लावत गेलो. दोन पिस्तुलं पुरी झाली. तिसरंही झालं, एक गोष्ट सोडून.

आईंना नमस्कार सांगा. घमेल्याचं सांगू नका.

तुमचा,
मास्तर

ता. क. — आठवण म्हणून तुम्ही टेबलावरून उचलून किल्ल्यांच्या जुडग्याला लावलीत ती कडी तिची नव्हे, घोडदळाची आहे. तुम्ही निघताना माझ्या लक्षात आलं होतं, पण तुमचा चेहरा बघून मागवेना. कडीऐवजी तिचा पेचकस तुमच्यासाठी काढून ठेवला आहे. त्याची मूठ तिच्या अंगठ्याने झिजली आहे.

आणखी एक — कडी पोस्टाने पाठवू नका. सोमवारच्या आत स्वतः घेऊन या, आणि चार दिवस राहायच्या बेताने या. आईंनाही आणा. त्यांना जे आवरायचं असेल ते आवरू देत. दोरीवरचे कपडे वाळले असतील, ते काढून घड्या घालतो.