निळ्या पुडीतला कापूस

बाबा,

परवा यवतमाळला माझं प्रदर्शन आहे. हॉल मिळालाय, चित्रं टेम्पोत चढवण्यासाठी बांधून तयार आहेत आणि गेले चार दिवस मला अन्न गोड लागत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कायले जीव जाळतं? पाहणारे पाहतीन, नाही तं घरी जातीन." लोकांचं मला आता खरंच काही वाटत नाही. इतकी वर्षं मी ही असली चित्रं करते आहे, ज्यांत झाड नाही, बैल नाही, बाई नाही. बारदान्याचे तुकडे, खळ, चुना, काजळी, जिनिंगमधली रुई, गंजलेल्या पत्र्याचं लाल पाणी. लोक समोर उभे राहतात, मान तिरकी करतात आणि विचारतात, हे काय आहे? मी म्हणते, तुम्हाला दिसेल ते. हे उत्तर इतकं सोयीचं आहे की कधी कधी मलाच माझा राग येतो. आई दरवेळी सगळा हॉल फिरून येते, एकेका चित्रापुढे देवळात थांबावं तशी थांबते आणि शेवटी म्हणते, "सगळं चांगलं हाये. पण याच्यात माणूस कुठी हाये?" मी हसून वेळ मारून नेते. या वेळी मात्र आयोजकांनी सांगितलंय की सगळ्यात मोठ्या चित्राशेजारी चार ओळी लावायच्या, हे साहित्य कुठलं आणि कुठून आलं ते लिहायचं. त्या चार ओळींनी माझी झोप उडवली आहे, कारण ते चित्र तुमचं आहे.

तुमचं काम मला अजून तुमच्या हातांसकट दिसतं. पांढरकवड्याच्या जिनिंग गिरणीच्या आवारात कापसाच्या गाड्या लागल्या आहेत, दोन-दोन दिवसांची रांग आहे, आणि तुम्ही ग्रेडर म्हणून एकेका गाडीपाशी जाता. वरचा कापूस तुम्ही बघतच नाही. कोपरापर्यंत हात आत घालता, तिथला पुंजका काढता, चिमटीत धरून ओढता, पुन्हा जुळवता, पुन्हा ओढता. सगळे तंतू एका रेघेत आले की ते काळ्या स्वेटरच्या बाहीवर ठेवून त्यांची लांबी बघता. त्या काळ्या बाहीपायी तुम्ही भर दुपारीही तो स्वेटर घालायचात आणि गाडीवाले मागून हसायचे. मला शिकवलंत तेव्हा म्हणाला होतात, "नख नको लावू, नखानं तुटते. बोटाच्या मऊ भागानं ओढ." आता चित्रात मी तेच करते. काळ्या कापडावर तंतू ओढून ओढून बसवते. समीक्षकांना त्यात पाऊस दिसतो, रस्ते दिसतात. कोणाला स्वेटरची बाही दिसलेली नाही.

ती वर्षं वाईट होती. भाव पडलेला, बोंडअळीनं निम्मा कापूस पिवळा, कवडी करून टाकलेला, आणि कोणाचा कोणावर विश्वास उरलेला नाही. तुमच्या तोंडून 'दुसरी ग्रेड' हे शब्द निघाले की गाडीवाल्याचा चेहरा उतरायचा आणि मग भांडण. भांडण झालं की तुमच्याकडे एक रीत होती. त्या गाडीतला ओंजळभर कापूस निळ्या कागदात बांधायचा, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर त्याची सही किंवा अंगठा आणि शेजारी तुमची सही. पुडी कपाटात. आठवड्याभरात मोठे साहेब येत, पुडी उघडत आणि ते म्हणतील ती ग्रेड. कपाटाची किल्ली असायची काट्यावर वजन करणाऱ्या मापारी काकांकडे. काका मारेगावचे, फक्त हंगामापुरते कामाला, पण तुमच्या दोघांचं असं मेतकूट की रविवारी रात्री ते आपल्याकडेच जेवायला. आई त्यांच्यासाठी जास्त तिखट ठेचा करायची. माझी पहिली रंगपेटी त्यांनीच आणली होती, हे तुम्ही नंतर कधी बोलला नाहीत, पण विसरलाही नसाल.

शाळेत चिकटचित्राची स्पर्धा होती आणि मला ढग हवे होते. आता कोणीही विचारेल की चारी बाजूंनी कापसाचे ढीग असताना या पोरीला पुडीतलाच कापूस का लागला? कारण तुमचा नियम. आवारातलं एक बोंडसुद्धा घरी न्यायचं नाही, तो लोकांचा माल. एकदा माझ्या केसात अडकलेला कापूससुद्धा तुम्ही काढून परत ढिगावर टाकला होता. पण पुडीवर तुमची सही होती. ज्याच्यावर बाबांची सही ते बाबांचं, असा माझा सरळ हिशेब. स्पर्धेआधीच्या रविवारी मी आवारात आले, तेव्हा काका कपाट उघडं टाकून काट्यावर गेले होते आणि तुम्ही गाड्यांत होतात. कागदाच्या फटीतून जिच्यातला कापूस सगळ्यात पांढरा दिसला ती पुडी मी उघडली, कापूस घेतला, त्यातली सरकी वेचून काढली. मग रिकामी पुडी हातात घेऊन मी इकडेतिकडे बघितलं. काकांच्या खुर्चीवरची गादी शिवणीपाशी उसवली होती. तिच्यातली रुई काढून मी पुडीत भरली, आणि अक्कल बघा, वेचलेली सरकी पण परत आत खोचली. कापसात सरकी असते एवढं मला माहीत होतं ना, ग्रेडरची मुलगी.

साहेबांनी पुडी उघडली तेव्हा मी तिथे नव्हते. तुम्ही घरी येऊन आईला सांगत होतात, ते मी दाराआडून ऐकलं. "पुडी उघडली आन् सरकी टपटप टेबलावर पडली. कापूस सरकीले असा सोडत नाही. मी हातात घेऊन ओढला, जुनी रुई, गादीची." पुडी केळापूरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मालाची होती. त्यानं आवार डोक्यावर घेतलं की माझा चांगला माल यांनीच बदलला, आणि त्याचं खोटं काहीच नव्हतं. साहेबांनी विचारलं, किल्ली कोणाकडे असते? तुम्ही काकांचं नाव सांगितलंत. मग त्यांच्या खुर्चीवरची उसवलेली गादी सापडली आणि झालं. त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. तुमच्या नावावर शेरा आला तो वेगळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आपल्या दारात उभे आहेत. तुम्ही आत पाटावर बसलेले, ताट समोर. आई उंबऱ्यात आडवी उभी राहून म्हणते, "ते घरी नाहीत." काका म्हणतात, "वहिनी, मी काहून करीन असं? मले एकदा त्याच्याशी बोलू द्या." आई दार लावून घेते. माझ्या बोटांना अजून डिंक लागलेला आहे. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं, बाबा. तुम्ही रागावला असतात, मारलं मात्र नसतंत. तुम्ही कधी मारलंच नाही. पण मी बोलले नाही. पुढे चित्राला दुसरा नंबर मिळाला आणि तुम्ही ते बैठकीत लावलंत. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचात, "हे ढग पाहा, खऱ्या कापसाचे." मला त्या खोलीत बसवायचं नाही. नंतर मी चित्रकार झाले आणि ओळखू येईल असं काही काढायचं मी हळूहळू सोडूनच दिलं. लोक याला शैली म्हणतात. मला वाटतं, ती भीती आहे.

काल मी मारेगावला गेले. काका आता वाकलेत, पण आवाज तसाच खणखणीत. माझ्या हातातली निमंत्रणपत्रिका बघून इतके खूश झाले की सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी चहा येईपर्यंत धीर धरला आणि मग एका दमात सांगून टाकलं. पुडी मी उघडली होती, काका. गादीतली रुई मीच काढली. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "किती वर्साची होती तू?"

"अकरा."

"अकरा वर्साच्या पोरीले मी काय म्हणू? पण मंग तू वीस वर्साची झाली, तीस वर्साची झाली. तुह्या बापाच्या मयतीले मी आलतो. तुह्या मायनं माह्याकडं पाह्यलंबी नाही. तू तिच्या बाजूलेच उभी होती ना?"

मी उभी होते. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मले आता काही नको. वहिनीले सांग फक्त. मी येतो यवतमाळले. तिच्या तोंडून एकदा 'या भाऊजी' ऐकलं, की झालं माह्यं."

परतीच्या एसटीत मी आईला काय सांगायचं ते घोकत आले. घरी पोचल्यावर म्हणाले, "आई, एक सांगायचंय." ती म्हणाली, "पहिले जेव." जेवण झालं तर ती प्रदर्शनाला कोणती साडी नेसू ते विचारायला लागली, मग तुमच्या आठवणी निघाल्या, मग त्या आठवणींतून काका निघाले. "मित्र म्हणून घरात घेतला आन् सोन्यासारख्या माणसाचं नाव खराब केलं त्यानं," असं ती अजूनही म्हणते, तितक्याच रागानं. मी उठून भांडी घासायला गेले.

मग आज सकाळी चार ओळी लिहिल्या. साहित्य: काळं कापड, कापूस, सरकी, निळा कागद. लहानपणी मी वडिलांच्या कचेरीतली एक पुडी उघडली आणि तिच्यातला कापूस बदलला. त्याचा दोष एका निरपराध माणसावर गेला. हे चित्र त्या पुडीचं आहे. एवढंच. लिहून झाल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. परवा काका येतील, आई येईल, दोघं त्या भिंतीपुढे उभी राहतील, आणि मला तोंडानं जे जमलं नाही ते भिंत सांगेल. भ्याडपणाच आहे हा, मला कळतंय. तुमच्याशी हे बोलते आहे ते तरी कुठे धीराचं आहे? हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणूनच लिहवतोय.

मघाशी छापखान्यातून फोन आला. विचारत होते, अक्षरं केवढी ठेवायची, मोठी ठेवली तर लांबूनही वाचता येतील. मी म्हणाले, बारीक ठेवा. आईला बारीक अक्षर दिसत नाही, बाबा. मला ते माहीत होतं.