नीलूचा खोकला

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
८ नोव्हेंबर १९९३

ती. सौ. आईस,
क्षितिजाचा साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा मिळाला. अनारसे मोडलेत, पण यतीनने चुरासुद्धा सोडला नाही. इकडे पाणी एक दिवसाआड येतंय, बाकी बरं. माझं वजन दीड किलो वाढलं.

तुझं पत्र चारदा वाचलं. भाऊबीज झाली की रविवारी नीलूला बघायला पाहुणे येणार, म्हणून मी कुणाकडे टीबीचं नाव काढायचं नाही. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: "नीलूला महिनाभर खोकला आहे. संध्याकाळी कणकण असते. काढा देते आहे. लग्न ठरलं की बघू."

लग्न ठरलं की बघू! आई, माझ्या वेळीही हेच म्हणालीस ना?

विसरली असशील तर लिहिते. गोळ्यांच्या तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, गाल वर आले, आणि लग्नाला आठ दिवस असताना तू माझ्या गोळ्या माळ्यावर टाकल्यास. का, तर त्या गोळीने लघवी लाल होते, सासरी संडास एकच, सासूबाईंच्या नजरेला पडलं तर? मीही मुकाट्याने ऐकलं. बरी झालेय, असंच वाटलं मला.

खोकला उलटला तेव्हा इथल्या मृणालिनी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. रक्तातल्या रक्षक पेशी जंतूला गिळतात आणि पोटातल्या रसाने संपवतात. हा मेला क्षयाचा जंतू तो रस स्वतःपर्यंत येऊच देत नाही. गिळणाऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. आपला खोकला थांबतो, तो आत जिवंतच. म्हणून सहा महिने गोळ्या. "तुम्ही मध्येच सोडल्यात, त्याला रान मोकळं मिळालं," म्हणाल्या. मी तिथेच रडले. रागाने रडले, तुझ्यावर आणि माझ्यावर. आता आठ महिन्यांचा कोर्स, त्यात दोन महिने रोज इंजेक्शन घेतलं.

त्याच दिवशी घरी सगळं सांगून टाकलं. यतीन दोन दिवस बाहेरच्या खोलीत झोपला. सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. करू देत! गोळ्या मी सगळ्यांदेखत घेते. "शेजारीपाजारी विचारतील गं," म्हणाल्या. म्हटलं, विचारू देत, सांगीन. परवा थुंकीत जंतू सापडला नाही. ताट अजून वेगळंच आहे.

एक गोष्ट लिहायला हात धजत नाहीये. मे महिन्यात मी माहेरी आले, तेव्हा पंधरा दिवस नीलू माझ्या कुशीत झोपली होती. मी तेव्हा खोकत होते, आई. उन्हाळ्याची सर्दी म्हणालो आपण दोघी.

मी भाऊबिजेनंतर गुरुवारी येतेय. शुक्रवारी सकाळी नीलूला थुंकी तपासायला नेणार, तात्यांनी बाप म्हणून दार अडवलं तरी नेणार. पाहुण्यांना नाही म्हणू नकोस. येऊ देत. पोहे मी करीन आणि जे निघेल ते त्यांच्या तोंडावर मीच सांगीन. नाही पटलं तर पोहे खाऊन जातील. तिच्या गोळ्या कुणी माळ्यावर टाकल्या तर मात्र तिला मी इकडे घेऊन येईन, आणि तुला पोरगी परत मिळणार नाही.

आधी नीलूची ताई, मग तुझी मुलगी,
क्षितिजा